घटना कळते, कारण कळत नाही

सेमीकोलन (धागालेखक)

आमच्या कामात एक पद्धत आहे. सर्व्हर पडला, लोकांचे पैसे अडकले, ॲप उघडेना, की आधी ते सुरू करायचं आणि मग एक कागद लिहायचा. त्याला आरसीए म्हणतात, म्हणजे रूट कॉज ॲनालिसिस, मूळ कारणाचा शोध. काय झालं, किती वाजता झालं, का झालं, आधी का सापडलं नाही, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. कोणाच्या हातून झालं ते त्यात लिहायचं नाही, असा चांगल्या टीममध्ये दंडक असतो. नाव लिहायला लागलो की पुढच्या वेळी माणसं माहिती दडवतात. असे कागद वाचायची सवय लागली की बाकीच्या जगाकडेही तसंच बघितलं जातं. संध्याकाळी बातम्या लावल्या, आईबरोबर मालिका बघितली, रात्री वरण-भात लावला, तरी मनात एकच प्रश्न असतो, हे असं का झालं?

त्याचं उत्तर फार कमी ठिकाणी मिळतं, आणि मराठीत तर फारच कमी. म्हणून हा धागा.

१९ जुलै २०२४ आठवा. शुक्रवार होता. सकाळी दहाच्या सुमारास ऑफिसांत आणि विमानतळांवर निळे पडदे दिसायला लागले. हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचा फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरातली ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली होती. 'मायक्रोसॉफ्ट ठप्प' असे मथळे आले, विमानतळावरच्या रांगा दाखवल्या गेल्या, दोन दिवसांनी विषय संपला.

झालं काय होतं? क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीचं सुरक्षा सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतं. नवे हल्ले ओळखता यावेत म्हणून त्याला अधूनमधून नियमांची छोटी फाइल पाठवली जाते. त्या नियमांच्या आराखड्यात २१ रकाने होते, पण ते तपासणाऱ्या कोडला प्रत्यक्षात २० च मूल्यं पुरवली जात होती. आधीच्या फाइलींत एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' असं लिहिलेलं असल्याने ही तफावत कधी उघडी पडली नव्हती. त्या दिवशी तिथे पहिल्यांदा खरी अट आली. कोड एकविसावं मूल्य वाचायला गेला, ते नव्हतंच, त्याने आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचली आणि कर्नलमध्ये असं झालं की अख्खं यंत्र बसतं. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली. तोवर कोसळलेली यंत्रं मात्र नवी फाइल घेण्याइतका वेळही उभी राहत नव्हती. मग प्रत्येक यंत्रापाशी माणूस जाऊन सेफ मोडमध्ये ती फाइल काढत बसला. डिस्क कुलूपबंद असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की शोधायची. आणि या सगळ्याचा आकार एवढा वाढला, कारण नियमांची फाइल थोड्या यंत्रांवर तपासून मग पुढे जाण्याऐवजी सगळीकडे एकदम गेली.

यातलं काय आहे जे पेपर वाचणाऱ्या माणसाला मराठीत समजणार नाही? मला तरी काही दिसत नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या ठेवल्या. रकान्यांचा घोळ म्हटल्यावर त्यांना दोन मिनिटांत कळलं, आणि त्यांचा पुढचा प्रश्न होता, 'मग ताळा कोणी घेतला नाही का?' अगदी बरोबर प्रश्न.

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या खिशातलं. १२ एप्रिल २०२५, शनिवारी यूपीआय काही तास अडखळत होतं. भाजीवाल्यासमोर फोन धरून लोक उभे. बातमी आली, 'यूपीआय डाऊन, ग्राहक हैराण'. कारण नंतर बाहेर आलं ते असं. एखादा व्यवहार अडकला की 'त्याचं पुढे काय झालं' हे विचारायची सोय बँकांना असते. काही बँकांकडून ही विचारणा बेसुमार होत राहिली, जुन्या व्यवहारांबद्दलही. यंत्रणा मंदावली की आणखी व्यवहार अडकतात, अडकले की आणखी विचारणा, त्याने ती आणखी मंदावते. आमच्या क्षेत्रात हा आजार इतका जुना आहे की त्याचं औषध नवख्यालाही शिकवतात. पुन्हा विचारण्याआधी थांबायचं, प्रत्येक वेळी आधीच्या दुप्पट थांबायचं, आणि सगळ्यांनी एकाच क्षणी विचारू नये म्हणून त्या थांबण्यात थोडा अनियमितपणा ठेवायचा. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने नंतर बँकांना सांगितलं तेही याच जातीचं, पहिली विचारणा ९० सेकंदांनी, दोन तासांत जास्तीत जास्त तीन. हे लोकांना नीट सांगितलं असतं तर 'पैसे गेले' म्हणून घाबरून चार वेळा तेच पेमेंट करणारी माणसं तरी थांबली असती.

असं सांगता येतं याचा पुरावाही आपल्याच देशात आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं विक्रम लँडर चंद्रावर आदळलं. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी जुलै २०२३ मध्ये त्याची कारणं जाहीरपणे सांगितली. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, त्यामुळे चुका साचत गेल्या. त्या भरून काढायला यानाला वेगाने वळायचं होतं, पण वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरने मर्यादा घातली होती. उतरायची जागा होती ५०० मीटर गुणिले ५००, तिथे पोचण्यासाठी ते वेग वाढवत राहिलं. चांद्रयान-३ मध्ये जागा ४ किलोमीटर गुणिले २.४ केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, वेग मोजायला लेझरचं नवं उपकरण बसवलं. काय काय बिघडू शकतं याची यादी करून आराखडा केला, असं ते म्हणाले. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरण्याचं इस्रोचं थेट प्रसारण बघताना आमच्या घरात जो ताण होता तो या माहितीमुळे होता. आईला माहीत होतं की वळण्याच्या टप्प्यावर मागच्या वेळी गडबड झाली होती. तो टप्पा पार पडला तेव्हा ती निवेदकाच्या आधी टाळ्या वाजवत उठली. कारण माहीत असलेला प्रेक्षक असा बघतो.

आता स्वयंपाक. नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून तुरीची डाळ शिजेना. पाच शिट्ट्या, सात शिट्ट्या, दाणा वेगळाच. इंटरनेटवर कृती शंभर मिळाल्या, सगळ्यांत 'डाळ मऊ शिजवून घ्या'. का शिजत नाही ते कुठेच नाही. मग ऑफिसात करतो तेच केलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कुकरमध्ये दोन डबे बसतात ही केवढी सोय आहे! तीच डाळ, तोच दाब, तोच वेळ, एका डब्यात सोसायटीच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात फिल्टरचं. फिल्टरच्या डब्यातली डाळ रवीशिवाय मोडली, दुसऱ्यातली तशीच. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं, म्हणून दाणा फुटत नाही. चिंच, आमसूल डाळ शिजल्यावरच घालायचं यामागेही पेक्टिनच आहे, आंबट पाण्यात ते विरघळत नाही. एवढं एक कारण कळलं आणि आमटी, छोले, राजमा, मटकीची उसळ सगळ्यांचं वेळापत्रक हातात आलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. घटना सांगितली तर ती एका दिवसापुरती असते, कृती सांगितली तर एका पदार्थापुरती. कारण सांगितलं तर माणूस पुढच्या दहा ठिकाणी ते स्वतः वापरतो. मराठीत असं लिहिणं, बोलणं, दाखवणं वाढायला हवं. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्याकडे असं एखादं 'कारण' असेल तर ते इथे टाका.

---

पारावरचा

धागा आवडला. वडिलांचा ताळ्याचा प्रश्न तर फारच. आमच्या तालुक्याला वीज गेली की 'तांत्रिक बिघाड' एवढाच मेसेज येतो. फीडर गेला, ट्रान्सफॉर्मर जळला की झाड पडलं, तेवढं सांगितलं तरी मोटार आज चालू होईल की उद्या, याचा अंदाज शेतकऱ्याला घेता येतो. रात्री बांधावर बसून राहावं लागत नाही.

---

उकड

सेमीकोलन, लेख मनापासून पटला, पण स्वयंपाकाच्या भागावर थोडा वाद घालते.

आमच्या आज्यांना कारण माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. त्या ते हाताने सांगायच्या. सोलापूरकडे आमच्या घरी ज्वारीची भाकरी करताना आधी पीठ चिमटीत धरून बघायचे. पीठ जुनं झालं, विरी गेली, की उकळतं पाणी घ्यायचं. ताज्या दळणाला कोमटही चालतं. गव्हासारखं ग्लुटेन ज्वारीत नसतं, त्यामुळे भाकरीला धरून ठेवायचं काम पिठातल्या स्टार्चला करावं लागतं, आणि उकळत्या पाण्याने तो स्टार्च चिकट होतो. माझ्या आजीने स्टार्च हा शब्द कधी ऐकला नसेल, पण पीठ बदललं तर पाणी कसं बदलायचं हे तिला ठाऊक होतं. मग ते कारण माहीत असणंच झालं ना?

अडचण पुढे झाली. हातातलं ज्ञान कागदावर आणताना फक्त 'एक वाटी पीठ, पाऊण वाटी पाणी' तेवढं उतरलं. पीठ कधी दळलंय हे विचारायचं राहिलं. हल्लीच्या व्हिडिओंत तर तेही नाही, मागे गाणं आणि हात भराभर. मुली मला विचारतात, 'मावशी, बघून तसंच केलं तरी भाकरी चिरते.' चिरणारच. व्हिडिओतलं पीठ त्या सकाळचं आहे, तुझं पाकिटातलं तीन महिन्यांपूर्वीचं.

---

सेमीकोलन

उकडताई, तुमचं म्हणणं मान्य. कागदावर येताना अट गळते आणि कृती तेवढी उरते, हे फार नेमकं बोललात. आमच्याकडेही जुन्या कोडमध्ये 'इथे पाच सेकंद थांबा' असं लिहिलेलं सापडतं. का थांबायचं ते लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो, आणि ती ओळ काढायला कोणी धजत नाही.

---

जुनी बातमी

मी जिल्हा पातळीवर बरीच वर्षं पत्रकारिता केली आहे. धाग्यातली तळमळ पोचली, तरी दुसरी बाजू मांडतो.

कारण यायला वेळ लागतो. तुम्ही क्राउडस्ट्राइकबद्दल जे लिहिलंत तो कंपनीचा सविस्तर अहवाल ६ ऑगस्टला आला. १९ जुलैच्या संध्याकाळी ते २० आणि २१ कोणाच्याही हातात नव्हते. त्या दिवशी 'का' विचारलं असतं तर अंदाज मिळाले असते. आणि अंदाजाला कारणाचे कपडे घातले की काय होतं ते आपण पाहिलंय. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळलं. आंतरराष्ट्रीय संकेताप्रमाणे ३० दिवसांत प्राथमिक अहवाल यायचा असतो, तसा तो जुलैत आला. त्यातही दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर गेल्याची नोंद आहे, ते का गेले याचा निष्कर्ष नाही. पण मधला अख्खा महिना रोज संध्याकाळी पडद्यावर कोणी ना कोणी ठामपणे कारण सांगत होतं. ज्यांच्या घरातली माणसं गेली ती घरं हे ऐकत होती. त्यापेक्षा 'तपास चालू आहे' एवढी कोरडी ओळ मला जास्त प्रामाणिक वाटते.

आमच्या डेस्कवर एक ज्येष्ठ उपसंपादक होते. 'प्राथमिक माहितीनुसार' हे दोन शब्द बातमीतून गळले तर ते बातमी परत पाठवायचे. तेव्हा राग यायचा, आता त्यांची किंमत कळते.

---

सेमीकोलन

काका, हा मुद्दा माझ्या लिखाणात यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. चांगल्या आरसीएमध्येही 'हे नक्की आहे' आणि 'हा तर्क आहे' असे दोन भाग वेगळे ठेवतात.

पण मग ६ ऑगस्टला काय झालं? अहवाल आला तेव्हा तो छापायला काय हरकत होती? माझी तक्रार त्या दिवशीच्या बातमीबद्दल कमी आणि नंतरच्या शांततेबद्दल जास्त आहे. पूल पडतो, आग लागते, चौकशी समिती नेमल्याची बातमी पहिल्या पानावर येते. समितीचा अहवाल आल्याची बातमी मात्र शोधावी लागते. आठवड्यातून एकदा पाव पान, 'मागच्या घटनेचं कारण सापडलं' असं सदर एखाद्या दैनिकाने चालवलं तर मी ते कापून ठेवीन.

---

जुनी बातमी

पाठपुरावा म्हणतात त्याला, आणि तो करायला वार्ताहर मोकळा ठेवावा लागतो. आमच्या वेळी एका तालुक्याला एक माणूस असायचा. आता एकाकडे तीन तालुके, शिवाय त्यानेच व्हिडिओ काढायचा. तुमच्या सदराची कल्पना मात्र चांगली आहे. छोट्या साप्ताहिकांनाही जमेल अशी आहे.

---

तिसरी घंटा

टीव्हीचं कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. मालिकांच्या एडिटिंगमध्ये काम केलंय. 'मालिका का ताणतात' याचं कारण शिव्या घालण्यापलीकडचं आहे.

टीव्हीचे प्रेक्षक मोजणारी बार्क नावाची संस्था आहे, देशभरात पन्नास हजारांहून जास्त घरांत तिचे मीटर आहेत. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती ऐकून मीटर वाहिनी ओळखतो. टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाने आपापलं बटण दाबायचं असतं. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरतात आणि पुढच्या गुरुवारी आकडे येतात. गुरुवारी चॅनेलच्या ऑफिसात कोणाचा चेहरा कसा आहे त्यावरून आम्हाला आकडे कळायचे. कुठल्या मिनिटाला प्रेक्षक उठला हेही दिसतं. मग कथेच्या ज्या ट्रॅकला, म्हणजे धाग्याला, माणूस थांबला तो लांबवायचा आणि दुसरा गुंडाळायचा, असं ठरतं.

त्यात एपिसोडची बँक कमी असते. मालिका सुरू होताना पुरेसे भाग हातात असतात, काही महिन्यांनी परिस्थिती अशी येते की सकाळी शूट झालेलं रात्री किंवा दुसऱ्या दिवशी जातं. अर्ध्या तासाच्या स्लॉटला साधारण बावीस मिनिटं भरायची असतात. सीन तेरा मिनिटांचे आले असतील तर उरलेलं आम्ही कुठून आणणार? तिघांचे चेहरे आळीपाळीने, प्रत्येकावर संगीत, कालच्या भागातला तुकडा. कलाकारांची तारीख नसेल तर ते पात्र गावाला जातं. लेखकाला दोष देण्याआधी एवढं माहीत असावं, तो बिचारा गुरुवारच्या आकड्यांनंतर शुक्रवारी नवा ट्रॅक लिहून देत असतो.

बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे ऑक्टोबर २०२० मध्ये थांबवले होते, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि तेव्हापासून चार आठवड्यांची सरासरी देतात. एका आठवड्याच्या आकड्यासाठी चालणारी ओढाताण कमी व्हावी हा हेतू होता. मालिकांनाही अशी सरासरी लावली तर कथा जरा श्वास घेईल, असं मला मनापासून वाटतं.

---

उकड

तिसरी घंटा, हे वाचून माझा पात्रं गावाला जाण्यावरचा राग निवळला. हीच माहिती प्रेक्षकांना कोणी सांगत का नाही?

---

माइल हाय

अमेरिकेत डेन्व्हरला राहतो. कुकरच्या मुद्द्याला जोड देतो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब कमी, त्यामुळे उघड्या पातेल्यात पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. बायको नवीन आली तेव्हा पातेल्यातला भात कच्चा राहायचा. गॅस कितीही मोठा केला तरी पाणी ९५ च्या वर जात नाही, फक्त लवकर आटतं. कुकरने बरंच काम होतं, पण कुकरची शिटी बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब धरते. बाहेरची हवाच विरळ, त्यामुळे आतलं तापमानही पुण्यापेक्षा थोडं कमी राहतं. म्हणून इकडे एक-दोन शिट्ट्या जास्त. कुकरच्या भारतातून आलेल्या पुस्तिकेत हे नाही, पण महाबळेश्वरला घर असलेल्यांनाही थोडंफार लागू व्हावं.

---

पारावरचा

साबुदाण्याचं कोणी सांगेल का? आमच्याकडे चतुर्थीला खिचडी कधी मोकळी, कधी गोळा. तोच साबुदाणा, तोच हात.

---

उकड

पारावरचे दादा, पाणी बघा. साबुदाणा म्हणजे कंदाच्या स्टार्चचे गोळे, आपल्याकडचा बराचसा तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो. दाण्यांवर स्टार्चची भुकटी असते, ती दोन-तीनदा धुऊन काढली नाही तर तीच खळ होऊन सगळं चिकटतं. भिजवताना पाणी दाण्याच्या जेमतेम वर. दाणा चिमटीत सहज चुरडला की पुरे. पाणी जास्त राहिलं तर कढईत त्याची वाफ होते आणि दाणा बाहेरून विरघळतो. कूट फोडणीत न टाकता साबुदाण्यालाच आधी चोळून ठेवायचं. कोरडं आणि तेलकट, दोन्ही असल्याने ते दाण्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं. झाकण एकदाच, दाणे पारदर्शक व्हायला लागेपर्यंत. पाऊस असला की हवेत ओल असते, तेव्हा भिजवायचं पाणी अजून कमी. एकदा नीट आणि एकदा गोळा होत असेल तर धुण्यात किंवा झाकणात फरक पडतोय. सेमीकोलन म्हणतात तसं एका वेळी एकच बदला, कळेल.

---

सेमीकोलन

उकडताई, कढीचंही सांगा. ताक फुटतं ते कशाने? बेसन कमी पडतं की आच जास्त होते?

---

उकड

दोन्ही. ताक आधीच आंबट, त्यात जोरात उष्णता लागली की दुधातलं प्रथिन आकसून गोळा होतं आणि पाणी वेगळं सुटतं. बेसनातला स्टार्च त्या कणांच्या मध्ये येतो आणि त्यांना जुळू देत नाही. म्हणून बेसन गार ताकातच घुसळायचं, मध्यम आचेवर एका दिशेने हलवत राहायचं, कडेला वाफ दिसली की आच कमी. खळाखळा उकळी आणायची नाही. मीठ मी उतरवताना घालते. आणि ताक फार आंबट असेल तर बेसन अर्धा चमचा वाढवा. करून बघा आणि इथेच लिहा, दोन पातेल्यांत दोन तऱ्हा केल्यात तर दोन्हींचं लिहा.